जागृत ज्वालामुखीजवळ मुक्काम: लॉज कसा निवडलात? अनुभव सांगा

मंडळी, मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा आम्ही पाच जण इंडोनेशियात असू: मी, बायको, दोन मुलं आणि आई. आईचं वय 68, तिला दमा आहे. धाकट्याला दगडांचं वेड. लळिंगच्या किल्ल्यावरून आणि तोरणमाळच्या घाटातून आणलेले काळे दगड घरभर पडलेत. हा सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा आहे हे कळल्यापासून त्याचं एकच पालुपद, "पप्पा, चालू असलेला दाखवा."

जावातला ब्रोमो ज्वालामुखी की बालीतला बातूर, अजून ठरत नाही. लॉजची जाहिरात बघावी तर प्रत्येक खिडकीत डोंगर. जे राहून आलेत त्यांनी खरंखुरं सांगा. आईला घेऊन जायचं आहे, एवढं लक्षात ठेवा.

भुसावळहून

दादा, आम्ही ब्रोमोला चेमोरो लवांगमध्ये दोन रात्री राहिलो. गाव मोठ्या कढईसारख्या खळग्याच्या काठावर आहे, खाली काळ्या वाळूचं मैदान, आणि त्यापलीकडे धुमसणारं ब्रोमो, उंची 2329 मीटर. गाव काठावर असलं तरी विवर मैदानाच्या पलीकडे आहे, म्हणून तिथं राहायची भीती वाटली नाही. त्रास झाला तो थंडीचा. मे महिना म्हणून आम्ही पातळ कपडे नेले होते, पहाटे दात वाजत होते. लॉजवर गरम पाण्याचं कबूल केलं होतं, नळाला आलं कोमट, तेही एकाच बादलीपुरतं. गोधड्या दमट. पैसे मात्र चांगल्या हॉटेलएवढे घेतले, कारण काठावर खोल्याच मोजक्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. चाळलेल्या सिमेंटसारखी बारीक राख लागली, दोन बोटांत चोळली तर करकर वाजली. रात्री वारा आमच्याकडे फिरला होता. सासूबाईंना सकाळभर खोकला. म्हणून सांगते, बुकिंग करताना त्या महिन्यात वारा कुठून कुठे वाहतो ते लॉजवाल्याला आधी विचारा.

विवराच्या कडेपर्यंत अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर गंधकाचा वास घशात बसतो. तिथं गणपतीची मूर्ती आहे, तिथले टेंगर लोक हिंदूच. सासूबाईंनी खालूनच हात जोडले. तुमच्या आईंनाही खालीच बसवा.

धुळ्याहून

2017 च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही बालीत होतो, मुक्काम आगुंग ज्वालामुखीच्या उतारावर. "डोंगर लांब आहे" असं एजंटने सांगितलं, किलोमीटर विचारायचं आम्हाला सुचलं नाही. अंतर निघालं नऊ. 27 तारखेला इशारा सर्वांत वरच्या पातळीवर गेला, काही बाजूंना 10 किलोमीटरपर्यंत जागा रिकामी करायला सांगितली आणि डेन्पासारचा विमानतळ राखेमुळे बंद झाला. मुलीला मांडीवर घेऊन अंधारात गाडीत बसलो तो तास मी विसरलेलो नाही. लॉजचे पैसे परत मिळाले नाहीत, एजंटने फोन उचलणं बंद केलं.

भाऊ, तीन गोष्टी करा. विवरापासून लॉज किती किलोमीटर, हे लेखी घ्या. तिथं इशाऱ्याच्या चार पातळ्या असतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी ॲपवर रोजची पातळी दिसते, निघायच्या आधी आठवडाभर बघत राहा. आणि विमा तिकिटाबरोबरच काढा. डोंगर धुमसायला लागल्यावर काढलेला विमा सहसा कामाला येत नाही.

शहाद्याहून

कोस्टारिकात आरेनाल ज्वालामुखीजवळ राहिलो. लॉज सुंदर, जंगल, पक्षी, गरम पाण्याचे झरे. पण जाहिरातीत रात्रीचा लाल लाव्हा होता, आणि आरेनाल 2010 पासून शांत आहे. फोटो कधीचा आहे ते विचारा.

चाळीसगावहून

मिस्टरांच्या नोकरीमुळे जपानात होतो. साकुराजिमा रोजच्या रोज राख उडवणारा डोंगर, आम्ही मुद्दाम खाडीच्या अलीकडे कागोशिमा शहरात राहिलो. बोटीने पंधरा मिनिटांत पलीकडे. तिकडे रस्त्याकडेला काँक्रीटचे निवारे, डोक्यावर दगड पडले तर आत शिरायला. टीव्हीवर राख कुठल्या बाजूला जाणार तेही सांगतात, त्यावर बायका कपडे वाळत घालायचं ठरवतात. संध्याकाळी खिडकीतून डोंगर पूर्ण दिसायचा. अगदी पायथ्याशी असतो तर एवढा दिसलाच नसता.

बातूरलाही हेच करा. तळ्याकाठचं तोया बुंगकाह पायथ्याला आहे, तिथं आपल्या उनपदेवसारखं गरम पाणी आहे, तेवढ्यापुरतं दिवसा जाऊन या. राहायला पेनेलोकानचा वरचा काठ. 1717 मीटरचा बातूर आणि तळं दोन्ही समोर.

अमळनेरहून

मी दवाखान्यात नर्स आहे, म्हणून दम्यापुरतंच लिहिते. विवरातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि तो दमेकऱ्याचा श्वास अडकवतो. एन-95 मास्क राख अडवतो, वायू अडवत नाही. ओला रुमालही नाही. आईंचे इन्हेलर दोन ठेवा, एक त्यांच्या हातातल्या पिशवीत, एक तुमच्याकडे. सामानात टाकू नका. लॉजपासून डॉक्टर किती अंतरावर आहे तेही विचारा, आणि निघण्याआधी आईंच्या डॉक्टरांना दाखवून या.

पुन्हा जळगावहून

सगळ्यांचे मनापासून आभार. बातूर ठरलं, पेनेलोकानच्या बाजूला दोन खोल्या. पहाटेच्या चढाईला मी आणि मुलं जाऊ, आई आणि बायको लॉजवरूनच बघतील. विवरापासूनचं अंतर, वाऱ्याची दिशा, जवळचा डॉक्टर आणि त्याच दिवशी खिडकीतून काढलेला फोटो, चारही गोष्टी लॉजवाल्याकडे मागितल्या. काल रात्री उत्तर आलं. फोटोत निम्मा डोंगर ढगात आहे, खाली तळ्याची एक पट्टी आणि काळ्या लाव्ह्याचा पसरलेला जिभेसारखा आकार. धाकट्याने तो मोठा करून पाहिला, आत गेला आणि लळिंगचा दगड घेऊन आला.