स्थानिक पेपरचं क्रीडा पान आणि वाचकांच्या तक्रारी : तुमचे अनुभव सांगा

क्रीडा पानावर काम केलेले, त्या पानाला फोन करून भांडलेले आणि 'पोराचं नाव का आलं नाही' म्हणून थेट ऑफिस गाठलेले, अशा सगळ्यांसाठी हा धागा. तक्रार काय होती, समोरच्यानं काय उत्तर दिलं, पुढं काही बदललं का, एवढं लिहा. पेपरचं नाव नको. जात, पेठ, वशिला हे विषय येणारच, पण माणसांची नावं घेऊन चिखलफेक नको.

सुरुवात मी करतो. कोल्हापुरात डेस्कवर होतो. इथं फुटबॉलचा हंगाम म्हणजे क्रीडा पानाची रोजची परीक्षा. शाहू स्टेडियमवरचा सामना दिवस मावळायच्या सुमाराला संपतो, त्यामुळे 'उशीर झाला' ही सबब चालत नाही. सकाळी पेठापेठांतून फोन. पाटाकडील तालमीच्या संघाला चार कॉलम आणि शिवाजी मंडळाच्या संघाला तीनच का? दिलबहारचा गोल आतल्या पानात कसा? एकदा एका तालमीची दहा-बारा पोरं ऑफिसात आली. तक्रार फोटोची. आमच्या ज्येष्ठांनी आधी सगळ्यांना चहा सांगितला, मग महिन्याची फाईल काढून टेबलावर ठेवली. 'बघा, फोटो जिंकणाऱ्याचा. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून.' पोरांनी पानं उलटली, दोनचार ठिकाणी बोट ठेवून आपापसात कुजबुजली, आणि शेवटी खरी गोष्ट बाहेर आली. राग फोटोचा नव्हताच. प्रेक्षकांतल्या हुल्लडबाजीची बातमी आली होती आणि त्यात तालमीचं नाव होतं. ते आम्ही काढलं नाही. पण तेव्हापासून हुल्लडबाजीची बातमी सामन्याच्या बातमीत घुसडायची नाही, वेगळी चौकट करायची, असं ठरलं. निदान ज्यानं गोल मारला त्याच्या बातमीला गालबोट लागत नाही. बहुतेक तक्रारी खेळाच्या नसतात, हे तिथंच शिकलो. समोरच्याला चहा पिऊ दिला की खरी तक्रार निघते.

सांगली, डेस्कवर अजूनही आहे

आमचं दुखणं डाक आवृत्ती. जत, आटपाडीकडं जाणारे गठ्ठे लवकर निघतात, शहराची आवृत्ती नंतर. आयपीएलच्या दिवसांत तर तालुक्याच्या वाचकाला अर्धीच मॅच वाचायला मिळते, आणि त्याला ते माहीत असल्यामुळे तो आता फोनही करत नाही.

पण २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची फायनल होती. नवी मुंबईत पाऊस, सामना दोन तास उशिरा सुरू, शेवटची विकेट मध्यरात्रीच्या सुमाराला. भारत ५२ धावांनी जिंकला, पहिल्यांदाच जगज्जेता झाला, सलामीला आमच्या सांगलीची स्मृती मानधना. आणि तालुक्यांत गेलेल्या अंकात भारताच्या २९८ धावा आणि 'सामना सुरू होता' असा शेवट. सकाळी सहापासून फोन वाजायला लागला. एक आजोबा म्हणाले, "टीव्हीवर मी रात्रीच बघितलंय. निकाल सांगू नकोस मला. मला तो पेपर ठेवायचा होता."

ह्या माणसाला यंत्राची वेळ, गाडीची वेळ सांगून काय उपयोग? त्याला बातमी नको होती, अंक हवा होता. दुसऱ्या दिवशी डाक आवृत्तीला ताजं पान न देता आदल्या दिवशीचं शहराचं विजयाचं पान जसंच्या तसं आत घातलं, वर तारखेसह. वितरण विभाग कुरकुरला, शिळं पान म्हणून. त्याच दिवशी फोन थांबले. तेव्हापासून रात्रीच्या मोठ्या सामन्याला डाक आवृत्तीत बातमीच्या माथ्यावर छापतो : 'रात्री साडेदहापर्यंतचा धावफलक'. एवढ्या एका ओळीनं शिव्या निम्म्यावर आल्या.

पेपर टाकणारा, पुणे

तुम्ही डेस्कवाले फोन उचलता तरी. पहिली तक्रार आमच्याकडे येते, गेटवरच. "कालची मॅच का नाही?" जसं काही मीच बॉलिंग टाकत होतो. एक काका धावफलक नसला की त्या दिवसाचे पैसे कापतात. खरंच कापतात.

कुस्तीचा वार्ताहर, सोलापूर जिल्हा

जानेवारी २०२३, पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी. माती विभागाच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. दोघंही आमच्याच जिल्ह्यातले, एक मोहोळचा, एक मंगळवेढा तालुक्यातला. महेंद्रच्या 'बाहेरची टांग' ह्या डावाला चार गुण दिले गेले आणि तिथून वाद पेटला. गादी आणि माती विभागाच्या विजेत्यांची पुढची लढत शिवराज राक्षेनं जिंकली, पण तिची चर्चा कोणालाच नको होती.

आम्हाला दोन्हीकडून झोडपलं. एका बाजूचे म्हणत, "अन्याय झाला असं सरळ लिहायला तुमची शाई संपली काय?" दुसरे म्हणत, "वाद छापून पोराच्या विजयाला डाग लावला." काही फोन कुस्तीबद्दल नव्हतेच, आडनाव ऐकूनच ते आले होते. ते सरळ ठेवून दिले, त्यांच्याशी घासाघीस करायची नसते.

बाकीच्यांसाठी एक केलं. एका वस्तादांना बसवलं आणि तो डाव कसा लागतो, पाठ कधी 'धोक्यात' धरतात, दोन गुण कधी आणि चार कधी, हे रेखाटनासकट छापलं. निकाल बरोबर की चूक ह्यावर एक अक्षर नाही. लोकांनी ते कात्रण तालमीत चिकटवलं आणि भांडण आमच्याकडून उठून तिकडं गेलं. पंचांचं काम वार्ताहरानं करू नये, पण पंच काय बघतात ते तरी वाचकाला सांगावं. आमच्या पानांवर कुस्तीची वर्णनं 'चितपट केले', 'आस्मान दाखवले' ह्यापुढं जातच नाहीत. मग लोकांनी गुणांवरून भांडू नये तर काय करावं?

खो-खो खेळणाऱ्या मुलीची आई, धाराशिव

मी तक्रार करणाऱ्यांतली. जिल्हा संघ जिंकला, बातमीत कर्णधाराचं नाव, प्रशिक्षकांचं नाव, सत्कार करणाऱ्या सात पाहुण्यांची नावं, आणि मुली 'आदींनी चमकदार कामगिरी केली' मध्ये. फोन केला तर एका दादांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, प्रेसनोट तशीच आली. जागा कमी पडली की आम्ही खालून कापतो. मुलींची नावं खाली होती." राग आला, पण त्यांनी पुढची गोष्ट सांगितली ती कामाची निघाली : नावं पहिल्या परिच्छेदात घ्या, पाहुणे शेवटी. मी मंडळाच्या सरांना तसं सांगितलं. सर दचकले, पाहुणे रुसतील म्हणून. पण केलं. आता खालून कापलं की पाहुणे कापले जातात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर. तेव्हा आमच्याकडच्या पेपरांनी रंगीत पानं भरली. मग पुन्हा एक कॉलम. ह्याची तक्रार कुठं करायची?

मैदान क्रिकेटची पानं पाहणारी, मुंबई

पालकांचे फोन हा वेगळाच कारखाना. हॅरिस शिल्ड, गाइल्स शिल्ड ह्या शालेय क्रिकेट स्पर्धा सुरू झाल्या की फोन ठेवायला वेळ नसतो. त्यात जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं शालेय सामन्यात नाबाद १००९ केल्या, आणि त्यानंतर 'माझ्या मुलाचे शतक तुम्ही दोन ओळींत उडवलेत' हा सूर आणखी चढला. पूर्वी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आकडे घ्यायचो. मग एका डावात दोन वेगवेगळ्या वडिलांनी पाठवलेल्या धावांची बेरीज संघाच्या एकूण धावांपेक्षा जास्त भरली. तेव्हापासून एकच नियम : स्कोअरबुकच्या पानाचा फोटो, स्कोअररच्या सहीसह. नाही तर नाव नाही, मग फोन कोणाचाही येवो. तक्रारी कमी झाल्या का? नाही. पण आता त्या स्कोअररकडे जातात, बिचारा.

आणि एक सांगते, पालक कात्रणासाठी जीव का टाकतात ते नीट समजून घ्या. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांना किंवा नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाला कात्रण चालत नाही, प्रमाणपत्र लागतं. हे मी फोनवर सांगते तेव्हा बरेच जण गप्प होतात, आणि मग विचारतात, "मग प्रमाणपत्र कुठे मिळतं?"

कबड्डी प्रशिक्षक, मराठवाडा

हसण्यावारी नेण्यासारखा अनुभव नाही. आमच्या किशोर गटातल्या एका पोराबद्दल 'वयचोरी' अशी बातमी आली. नाव नव्हतं, पण गाव, शाळा आणि संघात तो कुठल्या जागी खेळतो ते दिलं होतं, म्हणजे नाव दिल्यासारखंच. पोरगं सरावाला यायचं बंद झालं. फोन केला तर 'बघतो' म्हणाले. चार दिवस 'बघतो'च.

मग एका वकील मित्रानं सांगितलं तसं केलं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, वृत्तनिवडीची जबाबदारी कोणाची, ते छापलेलं असतं. त्या संपादकांच्या नावानं लेखी पत्र, सोबत जन्मदाखला, शाळेचा निर्गम उतारा, बातमीचं कात्रण. पोहोच घेतली. पत्रात एवढंच लिहिलं की उत्तर आलं नाही तर प्रेस कौन्सिलकडे जाऊ. तिथं दैनिकाविरुद्ध तक्रार छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते, आणि त्याआधी संपादकांना लिहिलेलं असावं लागतं. म्हणून फोनवर दिवस घालवू नका. आठवड्यात खुलासा आला. मूळ बातमी तीन कॉलम, खुलासा निविदांच्या शेजारी चार ओळी. मी पुन्हा गेलो, 'ज्या पानावर बातमी, त्याच पानावर खुलासा' म्हणून अडून बसलो. दुसऱ्यांदा क्रीडा पानावर आला. पोरगं परत यायला मात्र हंगाम उलटला.

तालुका वार्ताहर, विदर्भ

सगळ्यांनी चांगलं चांगलं लिहिलंय, मी जरा खरं लिहितो. माझ्याकडे येणारी सर्वांत मोठी तक्रार : "जाहिरात दिली त्याचीच स्पर्धा छापता." अन् ती खोटी नाही ना भाऊ. मला बातमीचं मानधन जे मिळते त्यात गाडीचं पेट्रोल निघत नाही. जाहिरातीवर कमिशन आहे. नेत्याच्या वाढदिवसाची शुभेच्छांची अर्धपान जाहिरात मीच आणतो, त्याच नेत्याच्या नावाच्या चषकाची बातमीही मीच लिहितो. मग बाजूच्या गावात पोरींनी वर्गणी काढून भरवलेली कबड्डी एक कॉलममध्ये जाते, कधी जातही नाही.

ऑफिसले सांगून पाहिलं. म्हणाले, जागा पाहू. आता मी एवढंच करतो : जाहिरातवाल्याच्या बातमीत नेत्याचं नाव एकदा, फोटो खेळाडूचा. त्यावरूनही फोन येतात, फक्त आता ते नेत्याच्या पीएचे असतात. ह्यावर कोणाजवळ तोडगा असंन तर सांगा, अन् तो कमिशन बुडवणारा नसावा.