मदत हवी आहे: ट्राइकचं हँडल जड, कमी वेगात थरथरतं

सेकंडहँड ट्राइक (तीन चाकांची मोटरसायकल) घेतली आहे. मूळची टूरिंग बाइक. मागे डिफरन्शियलवाला (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) सॉलिड अ‍ॅक्सल आणि कारचे दोन टायर. पुढचा भाग मात्र कंपनीचा, जसाच्या तसा.

हँडल इतकं जड आहे की घाटातल्या चार वळणांत खांदे भरून येतात. शिवाय ताशी 20 ते 30 किमीच्या दरम्यान ते डावी-उजवीकडे झपाझप हलतं. आरसा नीट करायला एक हात काढला तर आरशापेक्षा हँडलच जास्त थरथरत होतं! वेग वाढला की आपोआप थांबतं.

पुढचा टायर नवा आहे, चाक बॅलन्स केलंय. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदलून नीट आवळला. मागची हवा कमी केल्यावर उसळी गेली, थरथर तशीच. (बाइकसारखं झुकवत नाहीये, ती सवय मोडली.)

फ्रेमला कापाकापी किंवा वेल्डिंग नको आहे. रेक (पुढच्या फोर्कचा तिरकेपणा) वाढवणारे ट्रिपल क्लँप (फोर्कचे पाय धरणारे ब्रॅकेट) लावले की ट्रेल (हँडलच्या फिरण्याची रेषा जमिनीला मिळते तो बिंदू आणि टायर टेकतो ती जागा यांतलं अंतर) कमी होऊन हँडल हलकं होतं, हे कळलं. पण त्याने थरथर वाढते का? आधी नुसता स्टीअरिंग डँपर (हँडलची थरथर शोषणारा छोटा शॉक अ‍ॅब्जॉर्बर) लावून बघू, की दोन्ही एकदमच? आणि क्लँप बदलले तर ब्रेकचे होज जुनेच पुरतात का?