मदत हवी आहे: विमानाचं 'स्टॉल होणं' मुलांना कसं समजावू?

शनिवारी नववीच्या वर्गात ११ एप्रिल १९९६ चा अपघात सांगितला. अमेरिकेतल्या वायोमिंगमधलं शायेन. छोट्या सेसना विमानात सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक. वादळ जवळ आलेलं असताना उड्डाण केलं आणि जरा वेळातच विमान कोसळलं. तिघंही गेले. सात वर्षांची पोर हो, सांगताना माझाच आवाज अडकला.

विमानतळ समुद्रसपाटीपासून १८०० मीटरहून उंच, हवा विरळ, त्यात मर्यादेपेक्षा ९६ पौंड वजन जास्त. वेग राखला गेला नाही आणि विमान स्टॉल झालं, असं तपासात निघालं.

मुलं म्हणाली, "म्हणजे इंजिन बंद पडलं ना?" तसं नाही! इंजिन चालूच असतं. नाक फार वर गेलं की पंखावरची हवा सुटते आणि उचल एकदम घटते. एसटीच्या खिडकीबाहेर तळहात तिरपा धरल्याचं उदाहरण दिलं. हात वर ढकलला जातो हे पटलं, पण उचल अचानक का जाते ते काही पोचलं नाही.

वर्गात करून दाखवता येईल असा साधा प्रयोग कुणी केलाय का? टेबलफॅन, पुठ्ठा, दोरा आहे. आणि 'स्टॉल'ला सोपा मराठी शब्द सुचवाल? येत्या शनिवारी पुन्हा तास आहे.