मदत हवी आहे: ३८ हजारांत वापरलेला मिररलेस कॅमेरा. ए६०००, एम५० की जीएक्स८५?

घाटवाट

नमस्कार मंडळी. छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यायचा आहे. कार्ड, जादा बॅटरी, बॅग धरून एकूण ३८ हजार. नवीन या पैशात बसत नाही, म्हणून वापरलेला किंवा रिफर्बिश्ड. उपयोग: सह्याद्रीतले ट्रेक (पावसाळ्यातलेही), घरचे बारसं-मुंज असे समारंभ आणि अधूनमधून दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ. पक्षी वगैरे नाही. तीन ठिकाणी बोलणं झालंय:

१. सोनी ए६००० + १६-५० मिमी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स). दुकानातून, "रिफर्बिश्ड", सहा महिन्यांची दुकानाची हमी, २९,५००.
२. कॅनन एम५० (पहिला, मार्क २ नव्हे) + १५-४५. घरगुती विक्रेता, मूळ बिल आहे, ३४,०००.
३. पॅनासोनिक जीएक्स८५ + १२-३२. ऑनलाइन, जाहिरातीत "इम्पोर्टेड पीस" लिहिलंय, २७,०००.

कोणता घ्यावा, आणि प्रत्यक्ष बघायला गेल्यावर नेमकं काय तपासावं?

---

लोलक

आधी "रिफर्बिश्ड" या शब्दाची किंमत ठरवा. कंपनीने स्वतः परत घेऊन, सुटे भाग बदलून, स्वतःच्या हमीसह विकलेला तो खरा रिफर्बिश्ड. दुकानदार म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा अर्थ इतकाच की बाहेरून पुसला, सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चिपवर) हवा मारली आणि डबा नवा दिला. तेही चालेल, पण मग पैसे हमीच्या कागदाचे आहेत. त्या कागदावर तीन गोष्टी हव्यात: बॉडीचा (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा) सिरियल नंबर, लेन्सचा वेगळा सिरियल नंबर आणि "शटर व लेन्सची मोटर हमीत समाविष्ट" हे शब्द. तोंडी "काय झालं तर या, बघू" याला काही अर्थ नाही. बिलावर जीएसटी वेगळा दाखवला नसेल तर लगेच संशय घेऊ नका. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला फक्त नफ्याच्या फरकावर कर भरता येतो.

आता तिन्ही.

ए६००० (२०१४): २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी (मध्यम आकाराचा) सेन्सर, सेकंदाला ११ फ्रेम, फोकस आजही चपळ. टचस्क्रीन नाही, ४के नाही, बॉडीत स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही, बाहेरचा माइक लावायला ३.५ मिमीचं छिद्र नाही. घरच्या समारंभासाठी एक सोय: वर उघडणारा छोटा फ्लॅश बोटाने मागे ओढून छताकडे वळवता येतो. खोलीचं छत पांढरं आणि फार उंच नसेल तर चेहऱ्यांवरचा भगभगीत उजेड जातो.

एम५० (२०१८): वापरायला सगळ्यात सोपा, स्क्रीन पूर्ण फिरते, टच आहे, माइकचं छिद्र आहे. पण डब्यावरच्या "४के"ला भुलू नका. ४के लावलं की चित्र आणखी १.६ पटीने कापलं जातं आणि कॅननचा चांगला ड्युअल पिक्सेल फोकस बंद होतो. तो १०८०पीचाच (फुल एचडीचाच) कॅमेरा समजा. दुसरं, एम मालिका कॅननने थांबवली आहे. नव्या आर मालिकेच्या लेन्स याला कोणत्याही अडॅप्टरने बसत नाहीत. जुन्या ईएफ लेन्स मात्र कॅननच्या अडॅप्टरने ऑटोफोकससह चालतात.

जीएक्स८५ (२०१६): १६ मेगापिक्सेल, सेन्सर लहान (मायक्रो फोर थर्ड्स), पण बॉडीतच पाच अक्षांचा स्टॅबिलायझर आणि उपयोगी ४के. कमी उजेडात एपीएस-सीपेक्षा साधारण दोन तृतीयांश स्टॉप मागे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). व्हिडिओत माणूस हलला की फोकस मागेपुढे श्वास घेतल्यासारखा होतो, हा त्याचा कायमचा दोष.

तुमच्या वापराला माझं मत: ए६०००, पण किट लेन्स धडधाकट असेल तरच. का ते पुढे कुणीतरी लिहीलच.

---

जुनाकॅमेरावाला

३८ हजारात फुल साइज डीएसएलआर (आरसा असलेला मोठा कॅमेरा) येतो मस्त लेन्ससकट. मिररलेसच्या नादी का लागायचं?

---

काळी_चांदी

@जुनाकॅमेरावाला, येतो की. पण धागाकर्त्याला छोटा हवाय. ए६००० बॅटरी-कार्डसकट ३४४ ग्रॅम, जीएक्स८५ ४२६, एम५० ३९०. घाटवाटेने चढताना गळ्यात अर्ध्या किलोच्या आत काय राहतं ते महत्त्वाचं.

@घाटवाट, लोलक यांनी अर्धवट सोडलेलं पूर्ण करतो. या तिन्ही सौद्यांत बॉडीच्या आधी किट लेन्स मरते.

सोनीची १६-५० विजेवर बाहेर येते. आतली चपटी रिबन केबल दर वेळी चालू-बंद करताना वाकते आणि कधीतरी तुटते. बॅगेत चुकून बटण दाबलं गेलं की लेन्स अस्तरावर ढकलली जाते, मग गिअरचे दात जातात. कॅननच्या १५-४५ मध्येही केबलचंच दुखणं, ती झूम हाताने फिरवली तरी. पॅनासोनिकच्या १२-३२ चा पुढचा भाग गोंदावर धरलेला असतो आणि झूम करता करता हातात येतो. तो चिकटवता येतो, तुटलेली रिबन घरी जोडता येत नाही.

म्हणून बघायला जाल तेव्हा पहिली दहा मिनिटं फक्त लेन्सला द्या. कॅमेरा दहा-बारा वेळा चालू-बंद करा. झूम दोन्ही टोकांपर्यंत सावकाश आणि मग झपकन न्या. कुठे अडकते, करकरते, की स्क्रीन क्षणभर काळी होते? प्रत्येक झूमवर अर्धं बटण दाबून लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) उघडतंय-मिटतंय ते बघा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा समोर सरळ धरा, सगळ्यात मोठ्या छिद्रावर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती किट लेन्सची जात. एकच कोपरा वाहून गेला असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

मग लेन्स काढा आणि फोनचा टॉर्च मागून तिरपा मारून पुढून बघा. बारीक धूळकण सगळ्यात असतात, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या दिसल्या तर ती बुरशी. दुधाळ धुकं दिसलं तर तेही नको. मुंबई-कोकणातला माल असेल तर ही तपासणी दोनदा करा.

सेन्सरसाठी: एफ/१६ (लहान छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), कमीत कमी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो. काळे धूसर ठिपके म्हणजे धूळ, ती निघते. जागा न सोडणारी रेघ किंवा ओरखडा म्हणजे उठून चालू लागा. नंतर झाकण लावून १ सेकंद आणि ३० सेकंदांचे दोन फोटो, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (असे ठिपके आपोआप पुसणारी सोय) बंद ठेवून. ३० सेकंदांत रंगीत ठिपके असणारच, १ सेकंदात डझनावारी असतील तर विचारा. जीएक्स८५ मध्ये त्यासाठी मेनूतच पिक्सेल रिफ्रेश आहे. ए६००० मध्ये तारीख एक-दोन महिने पुढे ढकलून कॅमेरा बंद केला की तो स्वतः पिक्सेल मॅपिंग करतो, मग तारीख परत लावायची.

शटर: ए६००० मध्ये आधी इ-फ्रंट कर्टन शटर (पहिल्या पडद्याचं काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणारी सोय) बंद करा, नाहीतर पहिला पडदा यांत्रिक चालतच नाही आणि त्याचा दोष लपतो. मग १/४००० सेकंदावर उजळ आकाशाचे दहा-पंधरा फोटो सलग. एखाद्या फोटोत एक बाजू काळसर किंवा फोटोफोटोंत उजेड कमीजास्त, म्हणजे शटर थकलंय. "कॅमेरा एरर, बंद करून चालू करा" असा संदेश एकदा जरी आला तरी सौदा मोडा.

राहिलं: स्क्रीन पूर्ण वर-खाली करताना चित्र जातंय का, डोळा लावल्यावर व्ह्यूफाइंडर आपोआप चालू होतो का, मागचं चाक एका खटक्याला दोन घरं उडी मारतं का (जुन्या कॅमेऱ्यांत हे फार), बॅटरी सहज निघते का की फुगून अडकते, स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का.

---

दवंडी

काळी_चांदी यांच्या पोस्टला +१. शटर काउंटबद्दल (शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा) भर घालतो. सोनीत तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. विक्रेत्याकडून कॅमेऱ्यातून थेट काढलेली जेपीजी किंवा रॉ मागा, ड्राइव्हवर किंवा इमेलने. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आली तर ही माहिती गळून पडते. एक्झिफटूल या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडली की "शटर काउंट" अशी ओळ दिसते. कॅनन एम५० च्या फाइलमध्ये हा आकडा नसतो, पण सिरियल नंबर असतो. तो मूळ बिलाशी जुळवा.

आणि "इम्पोर्टेड" जीएक्स८५ च्या तळाचा फोटो मागवाच. मॉडेल नंबर काय लिहिलाय ते इथे टाका.

---

घाटवाट

मंडळी, खूपच आभार. फाइली आणि फोटो मागवले.

ए६०००: एक्झिफटूलमध्ये शटर काउंट ४१,३१८. दुकानदार "दहा हजाराच्या आत" म्हणाला होता. दहा मिनिटं लेन्स खेळवली, अडकली नाही. पण एफ/१६ वर वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत.

एम५०: विक्रेता ३३ च्या खाली येत नाही. बिल जुळलं. चार्जर हरवलाय म्हणे.

जीएक्स: तळाला "डीएमसी-जीएक्स७एमके२" लिहिलंय. जीएक्स८५ नाहीच का मग?

---

दवंडी

तोच कॅमेरा आहे, पण जपानच्या बाजारातला. तिथे जीएक्स८५ हा "जीएक्स७ मार्क २" या नावाने विकला गेला. अडचण ही की मेनूत फक्त जपानी भाषा असते. चिन्हांवर आणि यूट्यूबवर काही लोक निभावतात. मला विचाराल तर मेनूच वाचता येत नसेल तर २७ हजार देऊ नका. सोनीच्याही जपानी बॉडींचं तसंच असतं, तेव्हा ए६००० च्या मेनूत भाषेचा पर्याय आहे का आणि त्यात इंग्रजी आहे का ते बघून घ्या. सोबत पाल/एनटीएससी (५० आणि ६० हर्ट्झ विजेच्या देशांच्या व्हिडिओ पद्धती) निवड दिसते का तेही. ती फक्त ५० हर्ट्झच्या देशांसाठी बनलेल्या बॉडीत असते.

---

लोलक

एम५० चा चार्जर हरवला ही साधी गोष्ट नाही, कारण तो यूएसबीवरून चार्ज होतच नाही. त्याच्या एलपी-ई१२ बॅटरीचा वेगळा चार्जर लागतोच. ए६००० बंद ठेवून मायक्रो यूएसबीने पॉवरबँकवर चार्ज होतो. दोन दिवसांच्या ट्रेकला हाच फरक जाणवतो.

४१ हजार हा आकडा ए६००० ला घाबरण्यासारखा नाही. सेकंदाला ११ फ्रेमवाल्या कॅमेऱ्यात एका लग्नात दोन हजार सहज पडतात. खोटं बोलला हे मात्र घासाघिशीचं शस्त्र आहे. स्क्रीनवर आकडा दाखवा, तीन ठिपके दाखवा आणि म्हणा, सेन्सर ओला स्वच्छ करून द्या, भाव २७, हमीच्या कागदावर शटर लिहा. यातलं शेवटचं सोडू नका, पहिली दोन थोडी इकडेतिकडे चालतील. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात दोन-तीन दुकानांत भाव विचारून मगच बोला.

---

घाटवाट

२७,५०० ला तयार झाला. सेन्सर स्वच्छ करून देतोय, शटर आणि लेन्स मोटर हमीत लिहून देतोय. मेनूत इंग्रजी आहे, पाल/एनटीएससीही दिसतंय. उरलेले साडेदहा हजार कशावर घालवू? आणि पावसाळ्यात कसा सांभाळायचा?

---

काळी_चांदी

क्रमाने: ६४ जीबीचं एसडीएक्ससी कार्ड, नावाजलेल्या कंपनीचं. ३२ जीबीचं नको, कारण ए६००० चा चांगल्या प्रतीचा व्हिडिओ (एक्सएव्हीसी एस) एसडीएक्ससी कार्डच मागतो. तो पर्याय मेनूत दिसला नाही तर बॉडीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं आहे, २.०० किंवा पुढचं लागतं. मग एक जादा एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी. मूळ बॅटरीवर कंपनीच्या मोजणीने स्क्रीन वापरून ३६० फोटो, व्ह्यूफाइंडरवर ३१०. घाटमाथ्यावरच्या थंडीत त्याहून कमी.

उरलेल्यात लेन्स. बारशाच्या खोलीत किट लेन्स एफ/५.६ वर अडकते आणि आयएसओ ६४०० ला जाते. लेन्समधला स्टॅबिलायझर हाताची थरथर थांबवतो, पाळण्यातल्या बाळाची नाही. मोठ्या छिद्राची, मॅन्युअल फोकसची ३५ मिमी एफ/१.४ टीटीआर्टिझनची किंवा त्याच जातीची वापरलेली मिळते का बघा. मेनूत "रिलीज विदाउट लेन्स" चालू करावं लागेल, नाहीतर कॅमेरा फोटोच काढणार नाही. फोकस पीकिंगही (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) चालू ठेवा. ऑटोफोकसच हवा असेल तर थोडे महिने थांबून वापरलेली सिग्मा ३० एफ/१.४ शोधा.

पाऊस: या तिघांपैकी एकालाही पाण्यापासून संरक्षण नाही. रिमझिमीतही पिशवीतच. धुक्यातून गरम खोलीत आलात की बंद पिशवीतच अर्धा-एक तास राहू द्या, लगेच लेन्स काढू नका. घरी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला की झालं, फार कोरडंही नको. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. कपाटात कातडी केसमध्ये ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला आमंत्रण.

---

घाटवाट

शेवटची शंका. दुकानात ट्यूबलाइटखाली व्हिडिओ घेतला तर आडवे पट्टे सरकताना दिसले. कॅमेरा खराब आहे का?

---

दवंडी

नाही, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. दुकानदाराने कॅमेरा एनटीएससीवर ठेवला असणार, त्यात शटर १/६० वर जातं. पाल करा (कार्ड परत फॉरमॅट करायला सांगेल, आधी कार्डावरचे फोटो कॉपी करून घ्या), २५पी (सेकंदाला २५ फ्रेम) निवडा आणि व्हिडिओ मोडमध्ये शटर हाताने १/५० लावा. उजेड जास्त असेल तर १/१००. काही स्वस्त एलईडी पट्ट्यांखाली तरीही थोडं लुकलुकेल, तिथे दिवा बदलणं हाच उपाय.