हातात दोन ऑफर असताना १५ एप्रिलपर्यंत थांबायचं का?

माड_आणि_मायक्रोस्कोप (फोंडा)
घरी रोज जेवताना याच विषयावरून वाजतंय, म्हणून इथे मांडते. ताळगावच्या पठारावरून, म्हणजे गोवा विद्यापीठातून, सागरी विज्ञानात एमएस्सी केली आणि अमेरिकेत नऊ ठिकाणी पीएचडीला अर्ज केले. आजचा, २८ मार्चचा हिशेब असा: पाच नकार. दोन ठिकाणी प्रवेश आणि पूर्ण फंडिंग, म्हणजे फी माफ, स्टायपेंड, आरोग्य विमा. एक वेटलिस्ट. आणि एका विभागाने जानेवारीत मुलाखत घेऊन नंतर एक अक्षर कळवलेलं नाही. मला मनापासून हवी आहे ती नेमकी वेटलिस्टवालीच जागा.

बाबा म्हणतात, दोन मिळाल्यात ना, एकीला हो म्हण आणि मोकळी हो. माझं म्हणणं, वेळ मला दिलेला आहे तर तो मी पुरता वापरणार. तिकडच्या ग्रॅज्युएट स्कूलांच्या कौन्सिलचा ठरावच आहे की सही केलेल्या विद्यापीठांनी फंडिंगच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तराची सक्ती करायची नाही. डिसेंबरपासून मी त्यांची वाट बघतेय. आता अठरा दिवस त्यांनी माझी बघितली तर काय बिघडलं?

रांगेतला (डिचोली)
ते कुठे वाट बघतात? तुमची वाट मी बघतोय.

तीन विभागांच्या वेटलिस्टवर आहे, हातात एकही ऑफर नाही. दोनांपैकी एक तुम्ही नाकारणार हे तुम्हाला आजच ठाऊक आहे, तरी दोन्ही धरून बसलात. कदंबच्या खिडकीतून दोन सीटांवर रुमाल टाकायचे आणि म्हणायचं, बस सुटेपर्यंत वेळ आहे. नियमात बसतं, कबूल. पण उभा राहिलेल्या माणसाला नियम वाचून दाखवू नका.

माड_आणि_मायक्रोस्कोप
रुमाल आवडला. पण मी सीट बघितलीय कुठे? एका ऑफरच्या पत्रात साफ लिहिलंय, पाच वर्षं, बारा महिने स्टायपेंड. दुसरीत लिहिलंय 'समाधानकारक प्रगती आणि निधीच्या उपलब्धतेनुसार', आणि स्टायपेंड नऊ महिन्यांचा. उन्हाळ्याचे तीन महिने काय खायचं ते गाइडच्या ग्रँटवर. ती ग्रँट कधी संपते हे विचारायला वेळ लागतो. तिथल्या मुलांशी झूमवर बोलले तेव्हा इथे रात्रीचा दीड वाजला होता, आणि गाइड ऐकत असताना कोण खरं बोलतं?

नेटग्रस्त (मडगाव)
दोघांचंही रडगाणं ऐकून हसू येतंय. जून २०२४ ला आम्ही यूजीसी-नेट दिली आणि दुसऱ्या दिवशी परीक्षाच रद्द. सीएसआयआरची नेट तर व्हायच्या आधीच पुढे ढकलली. प्रतीक्षा म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

आणि एक विचारू? दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ सालची. वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडं. समुद्रावर पीएचडी करायला गोव्यातून उठून अमेरिकेला, हे मला कळत नाही.

माड_आणि_मायक्रोस्कोप
जेआरएफ निघाली 'तर'.

नेटग्रस्त
तुमचंही वेटलिस्ट हलली 'तर'च आहे.

पठारावरचा मास्तर (पणजी)
मी पीएचडी तिकडे केली. शेवटच्या वर्षी विभागाच्या प्रवेश समितीत विद्यार्थ्यांतर्फे बसायचो, त्यामुळे आतलं थोडं सांगतो.

समजा विभागाकडे आठ जणांना पोसायचे पैसे आहेत. बोलावलेले सगळे येत नाहीत, म्हणून ते चौदा जणांना ऑफर देतात. त्यातल्या बारांनी होकार दिला तर बाराही जणांना पाच वर्षं पोसावं लागतं, आणि विभागप्रमुखाची झोप उडते. सुगीच्या वर्षी ही जोखीम घेतात. अशा वर्षी तुमची धरलेली ऑफर कुणाचा रस्ता अडवत नाही, कारण मागच्याची ऑफर आधीच निघालेली असते.

मंदीत चित्र उलटं होतं. २०२५ च्या वसंतात केंद्रीय संशोधन निधीचाच भरवसा राहिला नाही, तेव्हा कितीतरी विभागांनी जागा कमी केल्या. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने तर दिलेल्या ऑफर मार्चमध्ये परत घेतल्या. एकदा असं झालं की विभाग घाबरतो. जागा असतील तेवढ्याच ऑफर काढतो आणि एक नकार आला की वेटलिस्टवरच्या एकालाच मेल पाठवतो. मग रांगेतला म्हणतो ते अक्षरशः खरं ठरतं.

माझं मत: दोन्ही धरू नका, एक धरा. पंधरा तारखेचा हक्क एका ऑफरवर वापरलात तर कुणी नाव ठेवणार नाही. वेटलिस्टवाल्या विभागाला एकच मेल करा: बोलावलंत तर नक्की येईन. खरंच जाणार असाल तरच लिहा. रोज मेल करणारी मुलं समितीला नावानिशी पाठ असतात, आणि ते काही चांगल्या अर्थाने नव्हे.

रांगेतला
सर, वर्ष सुगीचं की मंदीचं हे अर्जदाराला कसं कळणार? कळत नसेल तर मंदी धरूनच वागायला हवं.

पठारावरचा मास्तर
हे मान्य.

माड_आणि_मायक्रोस्कोप
मला मान्य नाही. जोखीम विद्यापीठाची, जागांचा हिशेब त्यांचा, आणि सद्सद्विवेक फक्त माझा? दिलेली ऑफर ते मागे घेऊ शकतात. मग एक सोडून मी एकीवरच राहिले आणि तिनेच हात वर केले तर? डिसेंबरात प्रत्येक अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास फी भरलीय. ती कुणी माझ्या मागच्याचा विचार करून घेतली नव्हती.

कुळागरवाला (सावईवेरें)
पोरांनो, तुम्हाला पैसे देऊन बोलावणारे आहेत. माझ्या मुलाला मास्टर्सला प्रवेश आलाय, फंडिंग शून्य. मास्टर्सला बहुधा देत नाहीत म्हणे. विद्यापीठ अनामत भरायला सांगतंय आणि व्हिसाला लागणाऱ्या आय-२० फॉर्मसाठी पहिल्या वर्षाचा पैसा दाखवायचाय. सरकारची बिनव्याजी कर्ज योजना आहे, पण परदेशाचा खर्च तेवढ्यात भागत नाही, आणि मोठ्या कर्जाला बँक तारण मागते. तारण म्हणजे कुळागर, आमची सुपारीची बाग. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांच्या नावाखाली अकरा नावं आहेत. दोघे मुंबईला, एक वारला, एकाशी आमचं बोलणं नाही. वर आपल्याकडचा पोर्तुगीज कायदा, म्हणजे प्रत्येकाच्या बायकोचीही सही. तुमच्या पंधरा एप्रिलपर्यंत माझ्या अर्ध्या सह्यासुद्धा होणार नाहीत.

पठारावरचा मास्तर
भाऊ, पंधरा एप्रिलचा तो ठराव फंडिंगच्या ऑफरपुरता आहे. नुसत्या प्रवेशाला लागू नाही. त्यांना अनामतीची मुदत वाढवून मागा, मागितल्यावर बरेचदा देतात. आणि कुळागर तारण ठेवू नका, हे मी मास्तर म्हणून सांगत नाही, शेजारच्या गावचा म्हणून सांगतो.

नेटग्रस्त
तारण न ठेवता मुलगा जाणार कसा? सुपारी विकून?

कुळागरवाला
आमच्या हीचंही हेच म्हणणं. मुलगा गप्प आहे. ते गप्प राहणं मला जास्त खुपतं.

लिस्बनहून (मूळ पेडणें)
आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले असतील तर नातवापर्यंत पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंदणी होते. मी केली. इथल्या सरकारी विद्यापीठात युरोपियन म्हणून फी भरतो, परदेशी म्हणून नाही. कुळागर वाचेल.

कुळागरवाला
आणि भारताचं नागरिकत्व?

लिस्बनहून
ते जातं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळू शकतं. पूर्वी याच पासपोर्टवर लोक इंग्लंडलाही घरच्या फीत शिकायचे, ब्रेक्झिटनंतर २०२१-२२ च्या वर्षापासून नव्या विद्यार्थ्यांना ते बंद झालं.

रांगेतला
विषय पासपोर्टवर गेला, तो परत ऑफरवर आणतो. ताई, एक सरळ प्रश्न. ते नऊ महिन्यांचं पत्र तुम्हाला खरंच हवंय? की सोडताना हात थरथरतो म्हणून धरलंय?

माड_आणि_मायक्रोस्कोप
थरथरतो. पाच नकारांनंतर कुणीतरी 'ये' म्हणालं, ते सोडवत नाही. हे बाबांना सांगितलं नव्हतं.

काल रात्री त्या गाइडना विचारलं, उन्हाळ्याचं काय. उत्तर आलं, ग्रँट ऑगस्टमध्ये संपतेय, नव्या ग्रँटचा अर्ज केलाय, बघू. सभ्य माणूस आहे, खोटं बोलला नाही. ती मी सोडतेय. तुमच्या रुमालामुळे नाही, त्या 'बघू'मुळे. पहिली मात्र पंधरा एप्रिलच्या शेवटच्या तासापर्यंत धरणार, आणि त्यात मला काडीचीही लाज नाही.

रांगेतला
पहिलीच्या मागेही कुणीतरी उभं असेल. माझं मत बदललेलं नाही.

माड_आणि_मायक्रोस्कोप
माझंही.

रांगेतला
असू दे. दुसरी कधी सोडताय तेवढं सांगा. विद्यापीठाचं नाव विचारत नाही.

माड_आणि_मायक्रोस्कोप
आज संध्याकाळी साडेसहाला, तिकडचं ऑफिस उघडलं की. तुमचे अर्ज समुद्रातले की कोरडवाहू?

रांगेतला
समुद्रातले. तिन्ही.

नेटग्रस्त
साडेसहाला मी पण ऑनलाइन येतो. काजूची उर्राक कोण आणतंय?