पल्सर १५०, कराड ते चिपळूण: पकड आणि टिकाऊपणा दोन्ही हवं, टायर कोणते घ्यावेत?

कोयनाकाठ:
गाडी २०१८ची पल्सर १५०, पुढे एकच डिस्क, मागे ड्रम. पुढचा टायर ८०/१००-१७, मागचा १००/९०-१७, दोन्ही ट्यूबलेस. रोजचं ३५ किमी, त्यातलं बरंचसं हायवेवर सरळ. महिन्यातून दोनदा पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट करत चिपळूणला जाणं-येणं, पावसाळ्यातही. मिळून महिन्याला १३०० किमी धरा. मागे कोणी बसलेलं असतं ते फक्त घाटाच्या फेऱ्यांना.

मागचा टायर मधोमध सपाट झालाय, कडेला मात्र नक्षी शिल्लक आहे. पुढच्याला खाचा बऱ्या आहेत, पण तो पाच वर्षांचा आहे आणि खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसतात.

दुकानात सांगितलेले भाव असे: मागचा साधा टिकाऊ १९०० रु., मऊ रबराचा २५०० रु.; पुढचा साधा १३५० रु., मऊ १७५० रु. वर दुकानदार म्हणतो, मागे १२०/८० टाका, पकड वाढेल. मऊ घ्यावेत की टिकाऊ? आणि रुंद टायरचं खरं किती?

पाना१७:
आधी पुढचा बदला. त्याच्या खाचा बघू नका. चिरा पडल्या म्हणजे रबर वाळलंय, आणि वाळलेलं रबर ओल्या डांबरावर धरत नाही, खाच चार मिलिमीटर असली तरी. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर नीट तपासायचा, दहाव्या वर्षाला कसाही दिसला तरी काढायचा, असं कंपन्या सांगतात. चिरा दिसत असताना पुढच्या तपासणीची वाट बघण्यात अर्थ नाही.

आता मऊ की टिकाऊ. डांबर वरून सपाट दिसतं, पण त्यात खडीची बारीक टोकं असतात. मऊ रबर त्या टोकांभोवती बसतं, कडक रबर त्यांच्यावरून सरकतं. पाऊस असला की फरक जास्त जाणवतो, कारण पाण्याचा थर फोडून खडीपर्यंत पोचायचं असतं. रबरात सिलिका (वाळूतल्या खनिजाची बारीक भुकटी) जास्त असेल तर ते थंड, ओल्या रस्त्यावरही लवचीक राहतं, म्हणून पावसाळी पकडीचे टायर सहसा सिलिकावाले असतात. मऊ रबर झिजतंही लवकर, त्याला इलाज नाही.

पण ही झीज दोन्ही चाकांवर सारखी होत नाही. इंजिनाची सगळी ओढ आणि मागच्या माणसाचं वजन मागचा टायर सोसतो. पुढचा साधारण दीडपट ते दुप्पट चालतो. म्हणून मऊ रबर पुढे घेणं स्वस्त पडतं, मागे घेणं महाग. तुमच्याच भावांवर हिशोब करू. आयुष्याचे आकडे माझ्या अंदाजाचे, तुमच्या हाताप्रमाणे बदला:

मागचा साधा १९०० रु., ३०,००० किमी: किलोमीटरला सव्वासहा पैसे
मागचा मऊ २५०० रु., १८,००० किमी: जवळपास १४ पैसे
पुढचा साधा १३५० रु., ४५,००० किमी: ३ पैसे
पुढचा मऊ १७५० रु., ३०,००० किमी: पावणेसहा पैसे

वर्षाला १५,६०० किमी धरले तर पुढच्या मऊ टायरचे जादा साडेचारशेच्या आत, मागच्या मऊचे बाराशेच्या आसपास. तुलनेला पेट्रोल घ्या: १०४ रुपये लिटर आणि ४५चं अ‍ॅव्हरेज म्हणजे किलोमीटरला २३१ पैसे. टायरमध्ये पैसे वाचवल्याचं समाधान किती खोटं असतं ते यातून कळतं.

माझं मत: पुढे मऊ, पावसाळी नक्षीचा; मागे मधल्या दर्जाचा, खोल खाचांचा. मागचं चाक थोडं सरकलं तर सावरता येतं. उतारावर ओल्या वळणात पुढचं सरकलं तर सावरायला वेळच मिळत नाही. उलटी जोडी, म्हणजे मागे मऊ आणि पुढे जुना कडक, ही सगळ्यात वाईट. आणि लोक नेमकी तीच करतात, कारण गोटा (झिजून गुळगुळीत) होतो तो मागचा.

दोन_रिम:
१२०/८० चं तेवढं सांगतो, बाकी पाना१७ यांनी लिहिलंय.

पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या किती टक्के ते, तिसरा रिमचा व्यास इंचात. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी. त्यावरून:

१००/९०-१७: उंची ९० मिमी, पूर्ण व्यास ६१२ मिमी
११०/८०-१७: उंची ८८ मिमी, व्यास ६०८ मिमी
१२०/८०-१७: उंची ९६ मिमी, व्यास ६२४ मिमी

म्हणजे १२०/८० टाकलात की चाक १२ मिमी मोठं होतं. गाडी मागून उचलली जाते, गिअर किंचित लांब होतात, चढावर तिसऱ्यात जे ओढत होती ते दुसऱ्यात न्यावं लागतं. पण खरी अडचण रिमची आहे. रिमवर रुंदी कोरलेली असते: २.१५, २.५० वगैरे. १००/९० ला २.५० योग्य, २.१५ चालते. १२०/८० ला मुळात २.७५ लागते. अरुंद रिमवर तो बसवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि टायर वर फुगून अंड्यासारखा गोल होतो. मग सरळ चालताना रस्त्याला लागणारी पट्टी रुंद व्हायच्या ऐवजी अरुंद होते आणि मधोमध झीज आणखी लवकर. दोन डिस्कवाल्या पल्सर १५०ला १२०/८० येतो तो त्या गाडीच्या वेगळ्या मापांसाठी. आपली एक डिस्कवाली वेगळी.

रुंद टायरने पकड वाढते ही समजूतच अर्धवट आहे. वजन तेच, हवेचा दाब तोच, तर रस्त्याला टेकणारं क्षेत्रही जवळपास तेवढंच राहतं, फक्त त्याचा आकार बदलतो. पकड येते ती रबरातून.

माप बदलायचंच असेल तर ११०/८० पर्यंत, तेही रिमचा आकडा बघून. बसवल्यावर चेन, मडगार्ड आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यापासून दोन्ही बाजूंनी बोटभर मोकळी जागा हवी.

मापाच्या पुढे ५५पी, ४६पी असं असतं तेही बघा. ५५ म्हणजे २१८ किलो भार, ४६ म्हणजे १७० किलो, पी म्हणजे ताशी १५० किमी. मूळ आकड्यापेक्षा कमी घ्यायचा नाही, जास्त चालतो.

कोयनाकाठ:
रिमवर मागे २.१५ निघालं. १२०/८० चा विषय संपला, दुकानदाराला फोटो दाखवला.

आज दोन टायर बघून आलो. पुढच्यावर चौकटीत १८२३ आहे, मागच्यावर ०६२५. पुढचा 'जुना स्टॉक' म्हणून ३०० रुपये कमी करतोय. नखाने दाबून मऊ आहे असंही दाखवलं. घेऊ का? शिवाय पंक्चर होऊ नये म्हणून आत जेल घाला म्हणतो.

हवा_पाणी:
१८२३ म्हणजे २०२३चा अठरावा आठवडा. नाही घ्यायचा. मऊ रबराचे पैसे देऊन वाळू लागलेलं रबर घरी आणायचं म्हटलं तर ३०० रुपयांची सूट काहीच नाही. टायर कसा ठेवला होता हे तुम्हाला कळत नाही: उन्हात, एकावर एक दाबून, की कॉम्प्रेसरच्या मोटारीशेजारी. विजेच्या मोटारीतून ओझोन निघतो आणि तो रबराला चिरा पाडतो. पुढचा टायर सहा महिन्यांच्या आतला मागा, फार तर वर्षाचा. ०६२५ मागच्यासाठी चालेल, पण बाजू वाकवून खाचांच्या तळाशी रेषा दिसतात का ते बघून घ्या. नखाची परीक्षा सोडा, साधा रबरही उन्हात ठेवला की नखाला मऊ लागतो.

बाजूवर आयएसआयची खूण आणि त्यासोबत आयएस १५६२७ हा मानक क्रमांक हवा. दुचाकीच्या टायरला ते सक्तीचं आहे. पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्या. फुगा आला, वीण सुटली तर कंपनी उरलेल्या खाचेच्या प्रमाणात भरपाई देते, पण बिलाशिवाय कोणी उभं करत नाही. आणि जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या छापील किमतीवरून भाव सांगत असतील तर तिथेच बोला.

जेल मी घालू देत नाही. एका जागी साचलं की चाक हलतं, रिमला आतून गंज धरतो, आणि पंक्चर काढणारा शिव्या देतो. ट्यूबलेसला खिळा लागला तर हवा तशीही हळूहळू जाते. भोक बुजवणारी रबरी दोरी लावायची ती फक्त रस्त्याला लागणाऱ्या भागात, भोक सहा मिलिमीटरच्या आत असेल तरच. बाजूला लागलं असेल तर टायर बदलायचा, दुसरं काही नाही.

बसवताना समोर उभे राहा. घाई तिथेच होते:

वॉल्व्ह नवा घाला. टायर नवा आणि वॉल्व्ह आठ वर्षांचा, मग महिन्याभरात मुळाशी चिरतो आणि सगळे टायरला नावं ठेवतात. रिमची कड तारेच्या ब्रशने घासून घ्या, जुनं रबर आणि गंज राहिला तर तिथून हवा झिरपते. बाजूवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने. काही टायरांवर पुढच्यासाठी एक आणि मागच्यासाठी दुसरा असे दोन बाण असतात, वाचून घ्या. रंगीत ठिपका असेल तर तो वॉल्व्हजवळ, ती टायरची हलकी बाजू. टायरच्या कडेला साबणपाणी लावायचं, ग्रीस किंवा ऑइल नाही. हवा भरताना दोन 'टक्' आवाज आले की कड बसली. मग रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे का बघा. एका जागी आत गेली असेल तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी. हवेचा दाब ४० पीएसआयच्या (पंपावर मोजतात तेच माप) वर रेटायचा नाही. शेवटी बॅलन्सिंग, निदान पुढच्याचं तरी.

मागचं चाक काढलंच आहे तर चेनच्या स्प्रॉकेटखालची रबरं बघा, ढिली असतील तर आत्ताच बदला. बेअरिंग बोटाने फिरवा, खरखर आली तर तेही. चाक परत लावताना चेन ताणायच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या. एक घर मागेपुढे झालं की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर तिरका झिजतो.

गचका:
पाना१७ यांच्याशी अर्धा सहमत. पुढे मऊ हे बरोबर, पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर मी घेणार नाही. एकाच कंपनीच्या जोडीत पुढच्याचा आणि मागच्याचा आकार एकमेकांना धरून केलेला असतो. पुढचा टोकदार गोल आणि मागचा सपाट असला की वळणात गाडी आधी पटकन झुकते, मग अडून बसते. पुढे रेडियल (आतले धागे सरळ आडवे) आणि मागे साधा बायस (आतले धागे तिरके) हे तर अजिबात नाही. मागे रेडियल, पुढे बायस कंपन्या स्वतः काही गाड्यांना देतात. तुमच्या मापात दोन्ही बायसच मिळतील, तेच घ्या.

पाना१७:
मान्य, एका कंपनीची जोडी मिळाली तर उत्तमच. फक्त कंपनी एक ठेवायची म्हणून पुढे कडक रबर स्वीकारू नका, एवढंच.

मागचा मधोमध सपाट झालाय त्याचं कारणही घालवा, नाहीतर नवाही तसाच होईल. सरळ हायवे हे एक. दुसरं, हवा. एकट्यासाठी पुढे २५, मागे २८ पीएसआय. मागे माणूस असेल तर मागे ३२. पंपावर बरेच जण सरसकट ३५ भरतात, मग टायर फक्त मधल्या पट्टीवर चालतो. तो सपाट झाला की वळणात झुकताना सपाट भाग संपून कड लागते तिथे गाडी पायरी उतरल्यासारखी पडते. घाटात घाबरवणारं बरंचसं तेच असतं, टायर 'घसरला' म्हणतात तेव्हाही.

हवा थंड टायरला मोजा, पंधरा दिवसांतून एकदा. छोटा गेज घ्या, पंपावरच्या नळीवर भरवसा नको. पावसाळ्यात हवा कमी करायची असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. दाब कमी झाला की खाचा मिटतात, पाणी बाहेर पडत नाही.

झीज किती, यासाठी बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं शोधा. त्या रेषेत खाचेच्या तळाशी एक उंचवटा असतो. रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं म्हणजे ०.८ मिमी उरलं. दुचाकीला कायद्याची मर्यादा तीच. पण ती कोरड्या साताऱ्यासाठी ठीक. कोयनानगरच्या पावसात दोन मिमी उरले की बदला. मेअखेरीस मोजा, ऑगस्टपर्यंत पुरेल का तो विचार करून ठरवा.

कोयनाकाठ:
पुढचा या वर्षीचा दोन दिवसांत मागवून देतो म्हणाला, त्याच कंपनीचा मागचाही आहे. म्हणजे जोडी जमली. शनिवारी बसवून रविवारी चिपळूणला निघायचा विचार आहे, चालेल ना?

हवा_पाणी:
रविवारी नको. नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीत थर असतो, तो निघायला दीडशे-दोनशे किलोमीटर लागतात. तेवढं रोजच्या रस्त्यावर फिरवा, झुकणं हळूहळू वाढवत. आणि दुकानात टायर चकाकायला कसलं तरी पॉलिश मारतात, ते रस्त्याला लागणाऱ्या भागावर नको म्हणून आधीच सांगा. पुढच्या रविवारी निघा. त्या दिवशी पाऊस नुकताच सुरू झाला असेल तर घाटातल्या हेअरपिन वळणांवर ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल वर आलेलं असतं, इंद्रधनुष्यासारखं दिसतं. तिथे कुठलाच टायर चालत नाही. वळणाआधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक नको.