जुन्या युनिक्सचा सोर्स कोड कुठे मिळेल? (तातडीने मदत हवी आहे)

अडलाहरी: एमटेकच्या प्रोजेक्टसाठी शेड्युलरची (चालू प्रोग्रॅमपैकी कोणाला सीपीयू कधी द्यायचा ते ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग) तुलना करतोय. जुन्या युनिक्सचा कोड हवाय. माझ्याकडचा करप्ट आहे. सोमवारी गाईडना दाखवायचंय. 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय.

कर्नलकाका: जुना म्हणजे किती जुना? सहावी आवृत्ती (1975), सातवी (1979) की बीएसडी (बर्कलीचं युनिक्स)? आणि करप्ट म्हणजे नक्की काय होतंय?

फ्लॉपीबहाद्दर: त्यापेक्षा एमएस-डॉस 4.0 घ्या. 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने एमआयटी लायसन्सखाली खुला केला, गिटहबवर आहे. आमच्या वेळी सव्वापाच इंची फ्लॉपी जिवापाड जपायचो...

कर्नलकाका: अहो, डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवतो. शेड्युल काय करणार, डोंबल?

नियमावर_बोट: युनिक्सचा कोड एटी अँड टीचा. असा उतरवून घेणं म्हणजे चोरी. प्रबंधात अडकाल.

खडूस_सदाशिव: तुमची माहिती शिळी आहे. पहिली ते सातवी आवृत्ती आणि 32व्ही (व्हॅक्स संगणकासाठीची) कॅल्डेरा कंपनीने जानेवारी 2002 मध्येच खुल्या केल्या. युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहात सगळं आहे. सलग इतिहास हवा तर स्पिनेलिस यांची गिटहबवरची रेपॉझिटरी बघा.

सिडनीकर: अवांतर: सहाव्या आवृत्तीच्या कोडवर भाष्य लिहिणारे जॉन लायन्स इथल्याच न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले. 1996 मध्ये रीतसर छापलं जाईपर्यंत त्या पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरायच्या.

अडलाहरी: झेरॉक्स नकोय हो! सहावीच आहे माझी, त्या हेरिटेज सोसायटीकडूनच उतरवली. शेड्युलरची फंक्शन्स काढून लॅपटॉपवर जीसीसीने (आजचा सी कंपायलर) चालवतोय. प्रत्येक प्रोसेसची प्रायॉरिटी 100 च येते. म्हणून म्हटलं करप्ट.

नवशिक्या_नाना: उबुंटू पुन्हा टाकून बघा. माझा वायफायचा प्रॉब्लेम तसाच सुटला.

कर्नलकाका: हे आधी सांगायला काय झालं होतं? कोड ठणठणीत आहे, काळ बदललाय. प्रायॉरिटी ठरवणाऱ्या सेटप्राय फंक्शनमध्ये बघा: आधी सीपीयू वापराला 16 ने भागून पी या व्हेरिएबलमध्ये ठेवलंय, मग पुढच्या ओळीत पीयूझर (ठरलेला मूळ आकडा) आणि नाइस (वापरकर्त्याने दिलेला फरक) मिळवायला '=+' वापरलंय. तेव्हाच्या सी भाषेत ते म्हणजे आजचं '+=' (आहे त्यात मिळवा). तुमचा जीसीसी मात्र त्याला 'बरोबर चिन्ह, आणि पुढे अधिक चिन्ह' असं वाचतो. म्हणजे सीपीयूचा भाग पुसला, उरला नुसता पीयूझर (नाइस शून्य). तो 100. एररही येत नाही, हीच गंमत. सगळीकडचे '=+', '=-' उलटे करा, नाहीतर सिमएचवर (जुन्या संगणकांची नक्कल करणारा प्रोग्रॅम) तेव्हाचा पीडीपी-11 संगणक उभा करून मूळ कंपायलरनेच चालवा.

खडूस_सदाशिव: सातव्या आवृत्तीत तिथे '+=' आहे, ती घेतली असती तर ही वेळ आली नसती.

कर्नलकाका: तिथे पीयूझर 50 आहे, आकडे जुळले नसते. उगाच नवा घोळ.

अडलाहरी: बदललं. आता 100 ते 115 मध्ये हलतायत!!! दोन आठवडे गेले यात. '=&' पण बदलायचं का?

फ्लॉपीबहाद्दर: डॉसचं तेवढं मनावर घ्या.